दाद आणि भक्ती

आवडत्या गायकाचा अभंगांचा नवा अल्बम आला की चाहता तो ऐकता ऐकता मागच्या अल्बमशी ताडून पाहतो. आवाज पूर्वीसारखा लागतो का, चाल कोणाची, ताना जरा जास्तच झाल्या का, याचा हिशेब त्याच्या मनात सुरू असतो. अभंग विठ्ठलाचा, पण डोळ्यांत पाणी येते ते आवाजामुळे. मग हे ऐकणे भक्तीचे म्हणायचे की नुसत्या रसिकतेचे?

प्रश्न जुना आहे. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. पुढे नववा शांतरस मानला गेला, पण भक्तीला त्या पंक्तीत जागा मिळाली नाही. मम्मटाने काव्यप्रकाशात देवाविषयीच्या प्रीतीला ‘भाव’ म्हटले, रसाचा दर्जा दिला नाही. याउलट रूप गोस्वामींनी 1541 मधल्या भक्तिरसामृतसिंधूत भक्ती हाच मुख्य रस ठरवला. चाहत्याच्या दृष्टीने या वादापेक्षा अभिनवगुप्ताचे एक निरीक्षण अधिक कामाचे आहे. रसास्वादाला आड येणारी विघ्ने सांगताना त्याने एक विघ्न असे सांगितले, की ऐकणारा स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असतो. ‘सहृदय’, म्हणजे रसाशी एकरूप होणारा श्रोता, आणि ‘चाहता’ यांत फरक पडतो तो इथे. चाहत्याने त्या आवाजाला आपल्या आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे बांधलेली असतात. नवे गाणे त्याला आवडले नाही तर त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि तेवढा वेळ अभंग बाजूलाच राहतो.

वारकरी परंपरेने ऐकण्याला कमी लेखलेले नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले. वारकरी नसलेल्या रामदासांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकातला पहिला समास श्रवणभक्तीलाच दिला. मात्र अभंगाच्या रचनेत गायकाच्या नावाला जागा नाही. शेवटच्या चरणात मुद्रा येते ती तुकारामांची, नामदेवांची किंवा सोयराबाईंची. अल्बमच्या मुखपृष्ठावर नेमके उलट घडते: फोटो गायकाचा आणि संताचे नाव बारीक अक्षरात.

हा फरक प्रत्यक्ष पाहायचा तर जामनेर तालुक्यातल्या पहूरसारख्या गावातला अखंड हरिनाम सप्ताह पाहावा. वाघूरकाठचे हे गाव जळगाव-अजिंठा रस्त्यावर आहे, पेठ आणि कसबे अशा दोन भागांत वसलेले. शेजारी त्रिविक्रमाचे शेंदुर्णी, पलीकडे मुक्ताईचे कोथळी. म्हणजे भजनाची हवा चहूबाजूंनी. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीवर टेकत नाही. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मंडपात येणारा आधी विणेकऱ्याच्या पाया पडतो, आणि विणेकरी वाकून त्याला नमस्कार करतो. विणेकऱ्याचा आवाज गोड आहे की घोगरा, हे कोणी विचारत नाही. वीणा उतरवली की तोच माणूस पंगतीत वाढायला उभा राहतो.

पण गावात दाद नसते असे म्हणणे खोटे ठरेल. भीमसेन जोशींच्या ‘अभंगवाणी’तल्या राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चाली भजनी मंडळांनी तबकड्या आणि कॅसेटींवरूनच उचलल्या. पखवाजाच्या धुम्याला कणीक लावता लावता वादक त्यातल्या जागांवर वाद घालतात. 2014 च्या ‘लय भारी’तले ‘माउली माउली’ हे चित्रपटगीत दिंडीतही वाजते. जुन्या माळकऱ्यांना हे खटकते. त्यांची तक्रार अगदीच बिनबुडाची नाही. तरीही उचललेली चाल टाळकऱ्यांच्या तोंडी बसली की ती कोणाची होती हे मागे पडते. धृपद परत परत म्हणणाऱ्या पन्नास माणसांत मूळ गायकाची नक्कल फार वेळ टिकत नाही.

क्यूबाच्या संगीतात याच्या जवळचे काही सापडते. साल्साचे मूळ असलेल्या ‘सोन’ या प्रकारात गायक ऐनवेळी ओळी रचतो आणि समूह ठरलेली ओळ परतवतो. साल्साची राणी म्हणून जगभर गाजलेली सेलिया क्रूझ (1925–2003) स्वतः कॅथलिक होती. तरी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांच्या चांगो, येमाया या देवतांची गाणी तिने गायली. पूजेतले ते गाणे रेकॉर्डवर आले आणि देवता न मानणारे लोकही त्यावर नाचू लागले. तिथेही समूहाची ओळ मोकळी असते, ऐकणाऱ्याने ती म्हणावी यासाठी.

तेव्हा चाहत्याचे प्रेम भक्तीच्या आड येतेच असे नाही. गायकाचा मोठेपणा मोजण्यापुरते ऐकणे दाद देऊन संपते. त्याच अल्बममधली चाल एकादशीच्या भजनात, बेसूर का होईना, स्वतःच्या तोंडाने म्हटली, तर वारकऱ्यांच्या हिशेबी ते श्रवण पुरे होऊन कीर्तनात गेले. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते, वीणा उतरते आणि मंडपात महाप्रसादाच्या पंगती बसतात.