सर्वांत मागचा

हंगाम संपत आला की माणसाच्या आनंदाला घाई सुटते. वैशाखात आंब्याच्या दोन फोडींवर समाधान मानणारा गृहस्थ मृगाचा पहिला शिडकावा झाला की ‘आता वर्षभर मिळायचा नाही’ असे म्हणून आमरसाची तिसरी वाटी मागून घेतो. पंगतीला आपल्यामागून आणखी कोण बसायचे आहे आणि पातेल्यात रस किती उरला आहे, याचे भान त्या क्षणी त्याला राहत नाही. सुख सरत आले की माणूस अधिक रसिक होतो, आणि त्याबरोबर थोडा अधिक स्वार्थीही होतो. हा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. पण तो अगदी उघड्यावर, चार हजार मीटर उंचीच्या विरळ हवेत पाहायचा असेल तर मनालीहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर सप्टेंबरअखेरीस निघालेला एखादा फटफट्यांचा ताफा पाहावा.

‘फटफटी’ हा शब्द आता जुना झाला. तरुण मंडळी ‘बाइक’ म्हणतात आणि अशा सफरीला ‘राइड’ म्हणतात. म्हणोत बापडी! पण त्या यंत्राचा आवाज जुन्या शब्दात जसा साठवला आहे तसा नव्यात नाही, म्हणून मी तोच वापरतो. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली, तिच्या बुलेट गाड्या लष्कराच्या सरहद्दीवरील गस्तीसाठी गेल्या, आणि जी वाट सैनिकांची होती ती पुढे हौशी लोकांचीही झाली. पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे कितीतरी तरुण, आणि हल्ली कितीतरी तरुणी व पन्नाशी उलटलेले गृहस्थही, वर्षभर रजा साठवून या रस्त्याला लागतात.

हा रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगची चढण टाळता येऊ लागली. तरी पुढचा बारालाचा सुमारे ४,९०० मीटरांवर आणि तांगलांग ला सुमारे ५,३०० मीटरांवर आहेच. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या तिपटीहून अधिक उंचीवरून ही मंडळी फटफट्या नेतात. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा असतो, त्यामुळे माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. हिवाळ्यात हा रस्ता बर्फाखाली जातो आणि कित्येक महिने बंद राहतो. सप्टेंबर सरला की सरचू आणि पांग येथील तंबूवाले आपले तंबू उतरवू लागतात. लाहौलच्या खोऱ्यात विलो आणि पॉपलरची झाडे पिवळी होतात. पहाटे रस्त्यावरचे ओघळ गोठून काचेसारखे होतात. तरीही, किंबहुना म्हणूनच, या अखेरच्या दिवसांची गोडी काही वेगळी आहे. आभाळ धुतल्यासारखे निळे असते, गर्दी ओसरलेली असते, आणि प्रत्येक वळण ‘आता पुढच्या वर्षी’ असे म्हणत मागे पडत असते.

कोणी विचारील, की यात नीतीचा प्रश्न कुठे आला? पाचपंचवीस माणसे पेट्रोल जाळीत डोंगरातून हिंडतात. त्यांच्या हौसेला तत्त्वज्ञानाची झालर कशाला? हौस ती हौस, हे मलाही मान्य आहे. परंतु माणसाची नीती त्याच्या व्रतवैकल्यांपेक्षा त्याच्या हौसेत अधिक खरेपणाने उमटते. व्रतात तो सावध असतो. हौसेत तो मोकळा असतो.

आणि ही हौस मोठी चमत्कारिक आहे. मोटारीतून चौघे निघाले तर एकच माणूस चालवतो, बाकीचे गप्पा मारतात, डुलक्या घेतात. फटफटीवर प्रत्येकाने आपापला तोल सांभाळायचा असतो. हेल्मेट चढवले की बोलणे संपले. आपला श्वास आणि इंजिनाची धडधड, एवढेच ऐकू येते. म्हणजे दहाजण एकत्र निघतात आणि दिवसभर दहा ठिकाणी एकटे असतात. मग एकत्र कशाला जायचे? एकट्याने गेले तर मनाला येईल तेव्हा थांबता येते, वाटेल तेव्हा सुसाट जाता येते. एकट्या स्वाराचा तो आनंद खराच आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण ताफ्यातल्या स्वाराचा आनंद निराळ्या जातीचा आहे. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन छोटे आरसे असतात, आणि त्या आरशात मागच्या गाडीचा दिवा दिसत असतो. तो दिवा दिसतो तोवर मन निश्चिंत असते. दिसेनासा झाला की हात आपोआप सैल होतो आणि गाडीचा वेग उतरतो. शब्दावाचून चालणारा असा सोबतीचा दुसरा प्रकार मला ठाऊक नाही.

जाणत्या ताफ्यात एक शिस्त असते. सर्वांत पुढे वाट जाणणारा. त्याला ‘लीड’ म्हणतात. त्याच्या लगेच मागे सर्वांत नवखा. सर्वांत मागे तितकाच अनुभवी असा दुसरा. त्याला ‘स्वीप’ म्हणतात. पंक्चरचे सामान, हत्यारे, औषधांची पेटी बहुधा याच्याजवळ असते, आणि त्याचा नियम एकच: आपल्या मागे ताफ्यातले कोणी उरू द्यायचे नाही. रस्त्याला फाटा फुटला की प्रत्येकाने मागचा दिसेपर्यंत तिथे थांबायचे. हा नियम पाळला तर कुणालाच सगळ्यांची काळजी वाहावी लागत नाही. प्रत्येकाने एकाची वाहिली की सगळ्यांची वाहिली जाते.

या शिस्तीमागे एक साधे गणित आहे आणि ते मला फार शिकवणारे वाटते. समजा, दहा गाड्या एका अवघड वळणाशी आल्या. पहिल्याने वेग तीसवर आणला, वळण घेतले, आणि समोर सरळ रस्ता दिसताच तो साठने निघाला. त्याने काही अविचार केला नाही. पण त्या क्षणी मागचे अजून वळणात तीसनेच चालले आहेत. अंतर वाढत जाते. दुसऱ्याला ते भरून काढायला साठहून थोडे अधिक जावे लागते, तिसऱ्याला त्याहून थोडे अधिक, आणि शेवटच्याला मिळालेला रस्ता तोच असला तरी वेग असा धरावा लागतो की जो त्याने एकटा असताना कधीच धरला नसता. पुढच्याची जराशी घाई मागे जात जात मोठी होते, आणि ती सोसतो तो बहुधा सर्वांत कच्चा गडी. पुढच्याला मात्र याची वार्ताही नसते. तो आपल्या मते बेताने चाललेला असतो!

समाजात पुढे चालणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे. आपल्याकडे ज्यांनी वारीची घडी बसवली त्यांना ते उमगले असावे. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर हजारो माणसे चालतात, तरी दिंडीमागून दिंडी ठरल्या क्रमाने चालते. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री समाज-आरतीला सारे गोळा झाले की चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते, आणि तिचे ऐकून घेतल्यावाचून पुढचे काही होत नाही. एवढ्या मोठ्या समुदायात मागे पडलेल्याचा आवाज पुढे पोहोचवण्याची ही केवढी सुंदर युक्ती! आणि योगायोग असा की लेहच्या वाटेवर टांडी नावाचे गाव आहे; तिथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात. दोघी बारालाचाच्या परिसरातच उगम पावतात, दोन दिशांना पांगतात, आणि इतका वळसा घेऊन टांडीला एक होतात. पुढच्या नदीचे नाव चंद्रभागा. पंजाबात तिलाच चिनाब म्हणतात. पंढरीची चंद्रभागा निराळी, हे मराठी स्वाराला माहीत असते. पण त्या संगमावर त्याचा हात क्षणभर कपाळाकडे जातोच.

इथपर्यंत सारे गोड आहे. खरा प्रश्न यापुढे उभा राहतो. बारालाचाच्या अलीकडे मुक्काम पडला आहे. हवामान बिघडण्याची लक्षणे आहेत. उद्या खिंड ओलांडली तर ओलांडली, नाही तर या वर्षी ती बंद. आणि रात्री एकाचे डोके असह्य दुखू लागते, ओकाऱ्या होतात, पावले नीट पडत नाहीत. विरळ हवेच्या या विकारावर खरा उपाय एकच आहे: खाली उतरणे. जुलै महिना असता तर येणाऱ्या-जाणाऱ्या पन्नास गाड्या भेटल्या असत्या. आता रस्ता ओस आहे. उरलेल्यांनी काय करावे?

‘अर्थातच परतावे’ असे घरी बसून म्हणणे फार सोपे आहे. ज्याने तीन वर्षे पैसे साठवले, मोठ्या मुष्किलीने दहा दिवसांची रजा मिळवली, ज्याला पुढल्या वर्षी गुडघे साथ देतील की नाही याची शंका आहे, त्याचे दुःख हलके समजू नये. हंगाम काही कुणासाठी थांबत नाही, आणि आयुष्यातले हंगाम मोजकेच असतात. एकाच्या दुखण्यापायी नऊजणांचा आनंद बुडावा, हा न्याय कसला? असे कोणी विचारले तर तो माणूस दुष्ट ठरत नाही.

याच हिमालयाच्या चढणीवर हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी एकदा मांडून ठेवला आहे. महाप्रस्थानाला निघालेले पांडव एकामागून एक कोसळत गेले. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. भीम दर वेळी विचारतो, ‘ही का पडली? हा का पडला?’ आणि युधिष्ठिर मागे वळून न पाहता प्रत्येकाचा दोष सांगतो व चालत राहतो. लहानपणी ही कथा ऐकताना धर्मराजाचा राग येतो. जो पडला त्याच्यातच काही उणे होते, हे पुढे जाणाऱ्याला नेहमीच सुचते आणि नेहमीच सोयीचे असते! परंतु कथा तिथे संपत नाही. इंद्राचा रथ दाराशी आला असता तोच युधिष्ठिर आधी भावांची आणि द्रौपदीची चौकशी करतो, आणि मग सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवायला साफ नकार देतो. महाभारतकाराने त्याची ही परीक्षा चालण्यात घेतली नाही, थांबण्यात घेतली. सोबत आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग हा स्वर्गच नव्हे, एवढे कळेपर्यंत त्याला सबंध डोंगर चढावा लागला.

दुसरी कथा आपल्या काळातली आहे. सरचूच्या पुढे गाटा नावाची एकवीस वळणांची चढण आहे. तिथे रस्त्याकडेला एक लहानसे देवस्थान आहे आणि त्याच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. सांगतात ते असे: एका ऑक्टोबरात, बहुतेक जण साल १९९९ सांगतात, हंगाम संपल्यावर एक ट्रक इथे बंद पडला. क्लीनर आजारी होता. ड्रायव्हर मदत आणायला पायी गेला, तोच बर्फ कोसळले. तो परतला तेव्हा क्लीनर तहानेने आणि थंडीने मेलेला होता. पुढे त्याचा आत्मा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो असे लोक म्हणू लागले, आणि वाटसरू तिथे पाणी ठेवू लागले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या बाटल्यांचा अर्थ मला समजतो. ड्रायव्हर दोषी होता असे कोणीच म्हणत नाही. तो गेला नसता तर कदाचित दोघेही मेले असते. तरीही मागे राहिलेल्या माणसाचे देणे फिटले नाही, असे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला वाटते. ज्याने त्याला कधी पाहिलेही नाही, तोसुद्धा थांबून पाणी ठेवतो. दुःखाची गोष्ट एवढीच, की तिथे प्लॅस्टिकचा उकिरडा साचतो. मेलेल्याला पाणी पाजण्याच्या भरात आपण जिवंत डोंगराला विसरतो.

तर मग ताफ्याने काय करावे? माझ्या मते प्रश्नाची वाटणी केली तर तो काहीसा सुटतो. दुखणेकऱ्याबरोबर दोघा खंबीर माणसांनी उतरावे. त्याला सुरक्षित जागी पोचवल्याचे कळले की मगच उरलेल्यांनी, खिंड उघडी असली तर, पुढे जावे. आणि कळण्याची सोय नसेल, किंवा माणसे पुरेशी नसतील, तर सर्वांनी परतावे. इथे वाद नाही. परंतु ताफ्याची खरी ओळख आणखी एका गोष्टीत पटते: ‘मी उतरतो’ हे कोण आधी म्हणतो, आणि चिठ्ठ्या टाकण्याची वेळ येते की नाही.

मागच्यालाही धर्म आहे, हे विसरू नये. डोके दुखत असताना ‘काही नाही, ठीक आहे’ असे हसून सांगणारा माणूस संकोची असेल, मानी असेल; पण तो सर्वांना संकटात लोटतो. वारीतल्या दिंडीने टाळ वाजवायलाच हवेत. आणि ज्याला प्रत्येक वळणावर आपली छबी काढून घ्यायची आहे, त्याचे रेंगाळणे आणि ज्याचा श्वास पुरत नाही त्याचे मागे पडणे, यांत फरक केला पाहिजे. अशक्ताची वाट पाहणे हा धर्म. लहरी माणसाची वाट पाहणे हा केवळ भिडस्तपणा.

परतणाऱ्यांचा आनंद बुडाला का? खिंडीवरच्या पाटीशेजारी उभे राहण्यात तो असेल तर बुडालाच. पण ते सुख एकट्यालाही मिळाले असते. त्यासाठी आरशात पाहत जाण्याची यातायात नको होती. एकत्र निघाल्याचे सुख संध्याकाळी मुक्कामाच्या तंबूत मिळते. एकेक गाडी येऊन थांबते, बधिर झालेली बोटे चहाच्या पेल्याभोवती शेकली जातात, आणि शेवटची फटफटी येऊन थांबेपर्यंत कोणी पहिला घोट घेत नाही. आपल्या घरी सणाच्या दिवशी हेच चालते. पाने वाढून झालेली असतात, वरणाची वाफ निवू लागते, पोरे चुळबुळ करतात. पण आजीचे गुडघे जिना उतरून खाली येईपर्यंत कुणाचा हात भाताला लागत नाही. त्या दोन मिनिटांत अन्न थोडे गार होते खरे. पण पंगत म्हणतात ती त्या दोन मिनिटांतच तयार होते.

दिवाळीपर्यंत बारालाचावर बहुधा बर्फ पडलेले असते. फटफट्या परत येऊन अंगणात कापडाखाली विसावतात, आणि फराळाच्या ताटाभोवती सफरीच्या गोष्टी निघतात. किती किलोमीटर झाले, किती उंच गेलात, असे पाहुणे कौतुकाने विचारतात. त्यांची उत्तरे आकड्यांत देता येतात. पण ज्या आईने किंवा पत्नीने ते दहा दिवस दाराकडे डोळे लावून काढले, तिने दारात विचारलेला प्रश्न निराळाच होता, ‘सगळे आलात ना?’ त्याला ‘हो’ म्हणता आले, तर हंगाम चांगला गेला असे समजावे.