भडका कोणी उडवला?



आज पेंटेकॉस्टचा सण. पास्काची मेणबत्ती आज वेदीजवळ शेवटची पेटेल आणि मग बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ ठेवली जाईल. ती पाहिली की आम्हाला पास्काची रात्र आठवते, आणि ती आठवण सुखाची नाही. त्या रात्री जे अंगणात उभे होते त्यांना कारण ठाऊक आहे.

नव्या अग्नीसाठी पऱ्हाटी रचली होती. आपल्या दर्यापूरकडे पऱ्हाटीला तोटा नाही. कापूस वेचून झाला की उपटायची, धुऱ्यावर रचून ठेवायची आणि चुलीला लावायची. पण तिचा स्वभाव आपल्या आयाबहिणींना विचारा. भक्कन पेटते आणि बघता बघता राख होते. त्यात वारा सुटला. आशीर्वादाची प्रार्थना संपायच्या आत जाळ बसला, मेणबत्ती पेटेना, अंधारात काडेपेटी शोधावी लागली. आणि ज्यांनी ती पऱ्हाटी आणून रचली होती, त्या वडीलधाऱ्या गृहस्थांवर आम्ही सगळ्यांसमोर भडकलो. अंगावर पांढरा झगा, हातात मेणबत्ती, आणि तोंडी ते शब्द! ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून ते मागच्या बाकावर बसतात आणि शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जातात.

पुढच्या आठवड्यात आम्ही अमरावतीला जाऊन पापनिवेदन केले. (धर्मगुरूलाही पापनिवेदन करावे लागते, याचे लहान मुलांना फार नवल वाटते.) आम्ही म्हणालो, "मला राग आला आणि तोंडातून वेडेवाकडे निघून गेले." समोरच्या वृद्ध फादरांनी शांतपणे विचारले, "राग कोणी आणला? पोस्टमनने?"

परतीच्या एस.टी.त तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्रत्येक कृतीमागचा कर्ता शोधायला आम्हाला शिकवले होते. पण आपली मायबोली काय म्हणते पाहा. वीज चमकली, ठिणगी पडली, आग लागली, भडका उडाला. अगदी त्याच चालीवर राग आला, संताप उसळला, हुंदका फुटला, रडू कोसळले. एकाही वाक्यात 'मी' कर्ता नाही! भाषा खोटे बोलते असे आम्ही म्हणणार नाही. लेकरू खुदकन हसते, आईचा चेहरा उजळतो, बऱ्याच वर्षांनी भाऊ भेटला की ऊर भरून येतो, ते काही कोणी ठरवून करत नाही. ते वरून मिळालेले दान आहे. पण ज्या घरात हसू राहते त्याच घरात 'राग आला' हे वाक्यही पाहुण्यासारखे बसून राहते, आणि तो आला कुठून हे कोणी विचारत नाही.

प्रत्येक अशा क्रियापदाला एक जोडीदार आहे. पेटणे आणि पेटवणे. भडकणे आणि भडकवणे. विझणे आणि विझवणे. दुसरे क्रियापद उच्चारले की कोणी तरी पुढे येऊन 'मी' म्हणावेच लागते.

आणि या दोहोंच्या आधी आणखी एक आहे, धुमसणे. जिनिंगमध्ये काम केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. कापसाच्या दाबलेल्या गठाणीत ठिणगी शिरली तर वरून काही दिसत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते, कधी कधी कित्येक दिवस. मग हवा लागते आणि लोक म्हणतात, एकाएकी आग लागली. आमचेही तसेच झाले होते. पवित्र गुरुवारपासून थकवा होता, गायनमंडळ उशिरा आले होते, पाहुण्यांची सोय राहिली होती. पऱ्हाटीने फक्त हवा दिली. 'आगीतून फुफाट्यात' म्हणणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे कळले होते. आग दिसते तरी, फुफाट्यातला विस्तव राखेखाली लपलेला असतो.

संत पेत्राकडे पाहा. गेथशेमनीत तो भडकला, तलवार उपसली आणि मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला. काही तासांतच तो भडका कुठे गेला? अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत त्याने प्रभूला तीनदा नाकारले. योहान तिथे कोळशाच्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द वापरतो, तो साऱ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसऱ्यांदा तो येतो तिबिर्याच्या सरोवराकाठी. पुनरुत्थित प्रभूने मासळी आणि भाकर विस्तवावर ठेवली आहे आणि पेत्राला तो तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? भर अंगणात विस्तवाजवळ जे मोडले, ते विस्तवाजवळच सांधले गेले.

आजच्या पहिल्या वाचनातही एक गंमत आहे. वाऱ्याचा आवाज एकाएकी झाला, असे लूक लिहितो. पण अग्नीच्या जिभांविषयी लिहिताना त्याचे क्रियापद आहे 'बसणे'. त्या प्रत्येकावर एकेक बसल्या. पवित्र आत्म्याचा अग्नी वाऱ्यासारखा आला असेल, पण पऱ्हाटीसारखा गेला नाही. संत पौलही तिमथीला देवाचे दान जागवायला सांगतो, तेव्हा त्याच्या ग्रीक क्रियापदात विझत चाललेला विस्तव पुन्हा फुलवण्याचा अर्थ आहे. पूर्वी आपल्याकडे रात्री गोवरीचा निखारा राखेत पुरून ठेवायचे आणि पहाटे फुंकून फुलवायचे. शेजारीण विस्तव मागायला आली की त्यातलाच द्यायचे. फुंकायला खाली वाकावे लागते, राख डोळ्यांत जाते. पेंटेकॉस्टचे काम आम्हाला तरी तसेच दिसते.

हे पत्रक छापायला देण्याआधी, गेल्या बुधवारी, आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. इतके दिवस का गेलो नाही, याला उत्तर नाही. क्षमा मागितली. त्यांनी बाज टाकली, काकूंनी चहा केला. इथे लिहायची परवानगी त्यांनी दिली, नाव मात्र नको म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसून ते बोलले, "फादर, बाभळीचं लाकूड आणलं होतं मी, चांगलं जाडजूड. पण अवकाळी पावसानं वलं झालं होतं, मून पराटी लावली. तुमी पुसलंच नाई."