रणगाडा, रोबो आणि छातीवरचं चिन्ह

आजचं वचन : रोमकरांस पत्र १२:२
सोबत वाचा : यशया २:४, प्रेषितांची कृत्ये ९:१-१९



या जगाच्या साच्यात स्वतःला बसवून घेऊ नका, मन नवं होऊ द्या म्हणजे तुमचं रूपांतर होईल, असं पौल आज आपल्याला सांगतो. 'मेटामॉर्फोसिस' हा शब्द त्याने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाच्याच कुळातला आहे. अळीचं फुलपाखरू होतं तेव्हा आपण तो वापरतो. पण हल्लीच्या मुलांना रूपांतर म्हटलं की फुलपाखरू नाही, ट्रान्सफॉर्मर आठवतो.

मंडळीतल्या एका ताईंनी नुकतंच विचारलं, "मुलाला वाढदिवसाला मुठीत मावेल एवढा रोबो मिळालाय. दुमडला की त्याचा रणगाडा होतो. आपल्या घरात असलं खेळणं ठेवावं का?" बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुलगा आता शेजारच्या मुलाला "तू डिसेप्टिकॉन आहेस" म्हणतो आणि खेळायला घेत नाही. मला वाटतं, पहिल्या प्रश्नापेक्षा ही दुसरी गोष्ट मोठी आहे. पण क्रमाने जाऊ.

आधी खेळणं म्हणून त्याला न्याय देऊ. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने टाकारा या जपानी कंपनीची खेळणी घेऊन १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले. १९८५ मध्ये त्यात वॉरपाथ नावाचा एक छोटा लाल रणगाडा आला, चांगल्यांच्या म्हणजे ऑटोबॉट्सच्या बाजूचा. इंजिनियरच्या नजरेने अशा छोट्या खेळण्याकडे पाहिलं की कौतुकच वाटतं. इतक्याशा जागेत प्रत्येक तुकड्याला दोन-दोन कामं. मूल त्याच्याशी झटापट करताना बोटांची नजाकत शिकतं, धीर शिकतं. आणि एक फार चांगला प्रश्न शिकतं : हे आत्ता जे दिसतंय, त्याचं आणखी काय होऊ शकेल? आशा धरायला शिकणं यापेक्षा वेगळं काय असतं?

मग रणगाड्याचं काय? पवित्र शास्त्र इथे आपल्याला सोपं उत्तर देत नाही. सैनिक योहानाकडे आले आणि आम्ही काय करावं असं विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. जुलूम करू नका, पगारात समाधानी राहा असं सांगितलं (लूक ३:१४). आपल्या नगरचंच बघा. मराठी ख्रिस्ती मंडळीचं हे जुनं माहेर, आणि लष्कराचं रणगाडा संग्रहालयही तिथलंच. उपासना करून तिकडे मुलांना घेऊन जाणारी घरं काही युद्धखोर नव्हेत.

यशया तरवारींचे नांगराचे फाळ झालेले पाहतो. योएल ३:१० मध्ये मात्र बरोबर उलटी हाक आहे, फाळांच्या तरवारी करा. म्हणजे लोखंड दोन्हीकडे वळतं. लोखंडाला स्वतःची बाजू नसते, तशी ती प्लास्टिकलाही नसते.

बाजू असते छातीवरच्या चिन्हाला. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

या खेळण्यांतला खलनायक मेगाट्रॉन घ्या. १९८४ मध्ये तो दुमडून पिस्तूल व्हायचा. १९९३ मध्ये नव्या मालिकेत आला तो हिरवा रणगाडा होऊन. अख्खं शरीर बदललं, बाजू तीच राहिली. १९८५ पासून तर या खेळण्यांवर एक खास स्टिकर यायचा. बोटाने घासून गरम केला की आतून चिन्ह उमटायचं, ऑटोबॉट किंवा डिसेप्टिकॉन. मुलांना गंमत वाटायची. पण जे चिन्ह उमटलं ते उमटलं. हातातला रोबो शंभर वेळा दुमडा, उलगडा. बाजू बदलणारी घडी त्यात नाही. आमच्या कामाच्या भाषेत हा नुसता टॉगल आहे. इकडून तिकडे, तिकडून इकडे, आत काहीच नवं नाही.

आता शौलाकडे पाहा. दिमिष्काच्या वाटेवर त्याचं शरीर बदललं नाही. तीच बुद्धी, तोच आवेश, तेच शास्त्राचं ज्ञान. बदलली ती बाजू. आणि त्या अध्यायातला मला सर्वांत अवघड वाटणारा माणूस शौल नाही, हनन्या आहे. शौल कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तसं त्याने प्रभूला सांगितलंही. तरी तो गेला, त्या माणसावर हात ठेवले आणि त्याला भाऊ म्हणाला. चिन्ह बदलू शकतं यावर समोरच्याच्या आधी आपला विश्वास बसावा लागतो.

मोझांबिकमध्ये १९९२ ला यादवी युद्ध संपलं, पण हत्यारं घराघरांत उरली. १९९५ पासून तिथल्या ख्रिस्ती परिषदेने बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने ती गोळा करायला घेतली. बंदूक द्या, त्याबदल्यात सायकल, शिवणयंत्र किंवा शेतीची अवजारं घ्या. त्या बंदुका कापून निकामी केल्या आणि कलाकारांनी तुकड्यांपासून शिल्पं केली. अशी एक खुर्ची आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या खुर्चीची पुन्हा बंदूक होत नाही. खऱ्या रूपांतरात काहीतरी कायमचं सोडावं लागतं.

म्हणून ताईंना मी म्हटलं, रोबो राहू द्या. फक्त खेळात एक दिवस मुलाला विचारा, "आज एक डिसेप्टिकॉन आपल्याकडे आलाय, म्हणतोय मला तुमच्यात घ्या. काय करायचं?" तो काय उत्तर देतो ते ऐका. आणि मग शेजारच्या मुलाला खाऊला बोलवा. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

मुलं चिन्हं लावायला खेळण्यांतून शिकत असतील, पण आपल्याकडूनही शिकतात. "तो त्यांच्यातला", "ते कमिटीतले त्या गटाचे", "ती काही सुधारणार नाही" ही वाक्यं जेवताना कोण बोलतं? रणगाडा कपाटात लपवता येईल, ही वाक्यं कुठे लपवणार?

शेवटी एक बारीक गोष्ट. खेळणं स्वतःहून बदलत नाही, कुणाच्या तरी हातात ते बदलतं. पौलही 'स्वतःला बदला' म्हणत नाही, 'बदलू द्या' म्हणतो. हात प्रभूचा आहे. आपण फक्त ताठ राहायचं नाही.

मननासाठी : मी कोणाच्या छातीवर कायमचं चिन्ह लावून ठेवलं आहे?

प्रार्थना : हे प्रभू, ज्याला मी शत्रू ठरवलं त्याला भाऊ म्हणायला मला हनन्याचं धैर्य दे. माझं मन तुझ्या हातात दुमडू दे, उलगडू दे, नवं होऊ दे. आणि आमच्या मुलांना आमच्या जिभेपासून सांभाळ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.