सारखें देणें हाच न्याय काय?

खराडी हें एके काळीं मुळा-मुठेच्या कांठचें खेडें होतें. आतां तें पुणें शहरांत मोडतें, व अंगणांच्या जागीं सज्जे आले आहेत. तेथें एखाद्या घरीं पाळलेली कोंबडी असावी, आणि मांजराच्या तोंडून सोडविलेलें गिनी कोंबडीचें पिलूं तिच्या शेजारीं यावें, तर धन्यानें दोघांस एकच दाणा घालावा काय?

वरवर पाहतां हाच समभाव वाटेल. परंतु अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यांत कवचासाठीं चुना अधिक असतो, व तो पिलाच्या मूत्रपिंडांस बाधतो. पिलास पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. ओल त्यास मारते. थाळींत खडे न घातल्यास तें बोटभर पाण्यांतहि बुडतें. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फांकतात. मग समान वांटणीनें एकाचें पोषण व दुसऱ्याचा घात होतो, त्यास आम्ही न्याय म्हणणार नाहीं.

कोंबडी खुडूक असल्यास परक्या पिलासहि पंखाखालीं घेते. शेतकरी गिनीचीं अंडीं तिच्याखालीं २६ ते २८ दिवस बसवितात तें याच भरंवशावर. नसल्यास ती टोंचते, म्हणून मध्यें जाळी हवी.

कठीण प्रश्न पुढेंच आहे. गिनी ही थव्यानें राहणारी, आफ्रिकेच्या मुळाची. येथें ती पाळीवच, म्हणून रानांत सोडणें ही दया नव्हे. आपण वांचविलें एवढ्यानें तें आपल्या करमणुकीचें होत नाहीं. पंख फुटल्यावर त्यास गिनींच्या थव्यांत द्यावें, असें आमचें मत आहे. कोंबडी कांहीं दिवस जाळीपाशीं त्यास शोधील, हें खरें. तिच्यासाठींहि दुसरी कोंबडी आणावी लागेल.