उमेदवारीचें अन्न

पूर्वीं कचेरींत जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबणाऱ्यास उमेदवार म्हणत. तोंपर्यंत त्याचें पोट घरच्यांनीं भरावयाचें, हा अलिखित संकेत होता. आज पदवी मिळाल्यापासून पहिला पगार हातीं येईपर्यंत तोच संकेत बहुतेक घरांत चालू आहे. तेव्हां या अन्नास दान म्हणावें, कर्ज म्हणावें, कीं हक्क?

सिन्नरसारख्या गांवीं हा प्रश्न केवळ तर्काचा राहत नाहीं. येथील विडीचा धंदा जुना. विड्या वळण्याची मजुरी हजारावर मोजतात, आणि त्या मजुरीवर मुलें शिकविणाऱ्या माता या गांवास अपरिचित नाहींत. अशा घरचा मुलगा पदवीधर झाला. माळेगांव-मुसळगांवच्या कारखान्यांत बेताच्या पगाराचें काम मिळण्याजोगें असतां, मनाजोगती जागा मिळेपर्यंत तो नाशकास खोली घेऊन राहिला, तर त्या खोलीचें भाडें किती हजार विड्यांचें, हा हिशेब कोणी करावयाचा?

यावर कोणी म्हणेल, मिळेल तें काम पत्करल्यास शिक्षण व्यर्थ जातें. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. थांबण्यांत दोष नाहीं. परंतु थांबण्याची किंमत दुसऱ्यानें द्यावयाची असेल, तर ती त्याच्याशीं बोलून, मुदत ठरवून घ्यावी. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं पदवीधरांस कार्यप्रशिक्षणासाठीं दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरविलें, तेंही मुदतीचेंच. आई अशी मुदत कधींच घालणार नाहीं. म्हणूनच ती मुलानें स्वतः घालून घेतली पाहिजे.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचें उदाहरण येथें आठवतें. त्यांच्या वडील बंधूंस दरमहा १५ रुपये मिळत. त्यांतील ८ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणासाठीं धाडीत. १८८४ सालीं पदवी मिळाल्यावर गोखल्यांच्या मनांत कायद्याचा अभ्यास होता. तरी त्यांनीं पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें ३५ रुपयांची शिक्षकी पत्करली. आशा आणि मिळकत एकाच वेळीं चालूं शकतात, हें त्यांनीं दाखविलें.

घरचें हें अन्न दान नव्हे, कारण देणाऱ्यास तें आपलेंच वाटतें. हक्क नव्हे, कारण तें देण्यासाठीं कोणी उपाशी राहिलें असेल. तें कर्ज आहे. त्याची फेड पुढें सवडीनें होईल. पण पाठविलेल्या ८ रुपयांमागें घरीं ७ च उरले, याची जाणीव मात्र आजच हवी.