हमार्तोलोस : नेम चुकलेला की पापी?

शंका : परभणीच्या एका भगिनी विचारतात, दर रविवारी उपासनेत 'मी पापी' म्हणताना मन खचतं. मूळ ग्रीक शब्द इतका कठोर आहे का? बाईसाठी त्याचं रूप वेगळं आहे का?

समाधान : तो शब्द 'हमार्तोलोस'. त्यामागचं क्रियापद 'हमार्तानो'. होमरच्या 'इलियड'मध्ये भाला शत्रूला न लागता बाजूने निघून जातो, तिथे हेच क्रियापद येतं. मराठीला हे परकं नाही. आपल्याकडे नेम चुकतो, वाट चुकते आणि वागणंही चुकतं.

तेवढ्यावरून शब्द मवाळ ठरवू नये. आजच्या तुर्कस्तानातल्या लिकियात जुन्या थडग्यांवर शाप कोरलेले आहेत : कबर उघडणारा देवांपुढे 'हमार्तोलोस' ठरो! आपल्याकडच्या गधेगाळ या शिळांवरचे शाप वाचलेल्यांना त्यातली जरब लगेच कळेल.

रूपांचं म्हणावं तर मराठीत जसं पापी, पाप्याला, पाप्यांना, तसं तिकडे हमार्तोलोस, हमार्तोलो, हमार्तोलोइस. बाईसाठी मात्र निराळं रूप नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणारी स्त्रीसुद्धा 'हमार्तोलोस'च आहे. मराठीत 'पापीण' म्हटलं की शिवी ऐकू येते. ग्रीक व्याकरणाने निदान तेवढा दुजाभाव केला नाही.

खरी गोम लूकच्याच अठराव्या अध्यायात, येशूच्या एका दृष्टांतात आहे. 'जकातदार आणि पापी' ही जोडी तेव्हा लोक दुसऱ्यांना नावं ठेवायला वापरत. मंदिरात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, इतरांचे दोष मोजतो आणि दूर उभा असलेला जकातदार तोच शब्द आपणहून स्वतःला लावतो. ग्रीकमध्ये त्याआधी इंग्रजी 'the'सारखं एक निश्चयदर्शक उपपद आहे, जणू तिथे पापी असा तो एकटाच! गंगाखेडच्या जनाबाईंच्या मुलखात हा सूर ओळखीचा वाटावा. वारकरी देवाला पतितपावन म्हणतात, तेव्हा पतितांत आधी स्वतःला धरतात.

मूळ शब्दापर्यंत जाण्याची ही ओढ आपल्याकडे नवी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. साध्यासुध्या बायांना वाचून कळावं, हा त्यांचा ध्यास होता.

तेव्हा परभणीच्या या भगिनींनी 'पापी' हा शब्द कुणाकडे बोट दाखवून वापरू नये. स्वतःसाठी जरूर म्हणावा, पण जकातदाराची प्रार्थना तिथून सुरू होत नाही. आधी तो दया मागतो, 'पापी' हा शब्द सर्वांत शेवटी येतो. आणि लूक सांगतो, त्या दिवशी नीतिमान ठरून घरी गेला तो हाच.