विकलेल्या वस्तूचें गुपित

एखादी वस्तु रोख किंमत मोजून घरीं आणली म्हणजे ती आपली झाली, असें आपण निःशंकपणें समजतों. पितळेचें पातेलें, शिवणाचें यंत्र, भिंतीवरचें घड्याळ यांच्या बाबतींत ही समजूत खरीहि होती. पातेल्याला कल्हई कोणीहि लावूं शके. घड्याळाचें झांकण उघडलें कीं त्याचीं चक्रें डोळ्यांना दिसत, आणि तें दुरुस्त करण्यासाठीं घड्याळजीला कारखान्याची परवानगी मागावी लागत नसे. परंतु अलीकडे आपण ज्या वस्तु घेतों त्यांतील पुष्कळांचे दोन भाग असतात. एक भाग आपल्या हातांत येतो; दुसरा, म्हणजे ती वस्तु चालविण्याचें ज्ञान, विकणाराकडेच राहतो आणि आपणांस तो केवळ वापरावयास मिळतो. हा दुसरा भाग विकणारानें एके दिवशीं आवरून घेतला तर हातांतल्या पहिल्या भागाचें काय करावयाचें, आणि तसें करण्याचा त्याला नैतिक अधिकार कितपत आहे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नेहमींची सेवा थांबविली. विंडोज ११ च्या अटी पुष्कळशा जुन्या संगणकांना पुऱ्या करतां येत नाहींत. त्यामुळें ज्यांचे संगणक धडधाकट आहेत अशा अनेक कुटुंबांपुढें, यंत्र टाकावें कीं दुसरी प्रणाली घालावी, असा पेंच उभा राहिला. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें जिचा आरंभ केला ती लिनक्स प्रणाली अशा वेळीं उपयोगी पडते. जुन्या यंत्रावर ती सहसा गुण्यागोविंदानें नांदते. अडतें तें बहुधा एकाच ठिकाणीं, आणि तें ठिकाण म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

हें कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र रेखाटणारें एक स्वतंत्र यंत्रच होय. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो आणि हें कार्ड यांच्यामधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. एखाद्या गृहस्थाजवळ २००८ सालीं निघालेलें एन्व्हिडिया कंपनीचें जीफोर्स ९६०० जीटी हें कार्ड आहे असें समजा. लिनक्स बसविल्यावर पडदा काळा पडतो. मग पहिला उपाय म्हणून, यंत्र सुरू होतांना कर्नेलला ‘नोमोडसेट’ असा इशारा द्यावयाचा. म्हणजे तो कार्डाशीं सलगी न करतां साध्या चित्रावर भागवितो. पडदा उजळला म्हणजे ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेनें कार्डाचें नेमकें नांव आणि त्याच्यापाशीं कोणता दुभाष्या बसला आहे तें पाहावयाचें. येथें बहुधा एका खुर्चीसाठीं दोन दुभाषे भांडत असलेले आढळतात: एक कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर, दुसरा ‘नूव्हो’ नांवाचा खुला. कंपनीचा ड्रायव्हर बसवितांना नूव्होला मज्जाव करणारी एक चिठ्ठी प्रणालींत लिहून ठेविली जाते. पुढें तो ड्रायव्हर चालेनासा होऊन काढून टाकला, तरी ही चिठ्ठी कधीं कधीं मागें राहते. मग खुर्ची रिकामी आणि दार बंद, अशी अवस्था होते. मुख्य प्रोसेसर बिचारा ‘एलएलव्हीएमपाइप’च्या साहाय्यानें स्वतःच चित्रें काढीत बसतो आणि पडद्यावरची एक खिडकी सरकवितांना यंत्राला धाप लागते. ज्यानें कारण शोधलें नाहीं तो म्हणतो, कार्ड बिघडलें. वस्तुतः कार्डाला कांहींच झालेलें नसतें.

कंपनीचा ड्रायव्हर चालेनासा कां होतो, हें येथें पाहिलें पाहिजे. या पिढीच्या कार्डांसाठीं असलेली ३४० क्रमांकाची शाखा डिसेंबर २०१९ मधील ३४०.१०८ या आवृत्तीवर थांबली. कर्नेल मात्र दर दोनतीन महिन्यांनीं नवा निघतो, आणि त्याच्या आंतल्या जोडण्या बदलत राहतात. दरबाराची भाषा बदलते आणि दुभाष्या जुनेंच बोलत राहतो. कांहीं हौशी लोक त्या ड्रायव्हरच्या बाहेरच्या उघड्या थराला ठिगळें लावून तो नव्या कर्नेलशीं जुळवून घेतात. आंतला मोठा भाग शिवलेला असल्यामुळें तेथें कोणाचीच सुई पोंचत नाहीं.

दोष कोणाचा? घाईनें कंपनीकडे बोट दाखविणें अन्यायाचें होईल. एका कार्डाची सुमारें अकरा वर्षें सेवा करणें ही कांहीं थोडी गोष्ट नव्हे. शिवणाच्या यंत्राच्या किती कारखानदारांनीं तेवढी केली असेल? उलट, आंतल्या जोडण्या स्थिर ठेवावयाच्या नाहींत असा निर्धार कर्नेल रचणाऱ्या मंडळींनीं जाणूनबुजून केलेला आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं त्याचें समर्थन करणारा एक लेखच कर्नेलच्या कागदपत्रांत घालून ठेविला आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: तुमचा ड्रायव्हर उघडा करून आमच्या संग्रहांत द्या, म्हणजे जोडणी आम्ही बदलूं तेव्हां तोहि आम्हीच सुधारूं, तो बाहेर झांकून ठेवाल तर त्याची चिंता तुमची. या म्हणण्यांत थोडी गुर्मी आहे, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. दोन बलाढ्यांच्या या वादांत मार खातो तो तिसराच, ज्यानें कार्ड विकत घेतलें तो. शिवाय २०१२ सालीं फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत टोरवाल्ड्स यांनीं या कंपनीला उद्देशून भर सभेंत जो असभ्य हावभाव केला, त्यानें त्या गृहस्थाचा पडदा कांहीं उजळला नाहीं. तरीहि दोन्ही बाजूंच्या मागण्या तोलून पाहिल्या तर एक फरक दिसतो. कर्नेलवाले मागतात तें ज्ञान, आणि तें मिळाल्यास पुढील श्रम स्वतः अंगावर घेतात. कंपनी ज्ञानहि देत नाहीं आणि, एका मुदतीनंतर, श्रमहि करीत नाहीं.

येथें तीन कृत्यें निरनिराळीं ओळखलीं पाहिजेत. तीं एकांत मिसळल्यामुळेंच या विषयावरचे वाद निष्फळ होतात. मदत न करणें हें एक, न सांगणें हें दुसरें, आणि करूं न देणें हें तिसरें. पहिल्याविषयीं माझी तक्रार नाहीं. कोणीहि कोणाची जन्मभर चाकरी करण्यास बांधलेला नसतो. खुल्या ड्रायव्हरांच्या जगांतहि असेंच घडतें: मेसा या चित्ररेखनाच्या ग्रंथसंग्रहांतून फार जुन्या कार्डांचे कांहीं ड्रायव्हर २०२१ सालच्या अखेरीस मुख्य धारेंतून काढून ‘अ‍ॅम्बर’ नांवाच्या वेगळ्या शाखेंत ठेवण्यांत आले. सांभाळणारें माणूस नसेल तर जुनें ओझें किती दिवस वाहावयाचें? परंतु ते ड्रायव्हर जाळले नाहींत, कुलपांतहि घातले नाहींत. ज्याला गरज असेल त्यानें ते उचलावे, इतकें दार उघडें आहे.

दुसरें कृत्य अधिक सूक्ष्म आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटीच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन यांच्या वाट्याला झेरॉक्स कंपनीनें दिलेला एक छापणारा यंत्रराज आला. त्यांत कागद अडके. अडकल्याची वर्दी लोकांना आपोआप जावी अशी सोय स्टॉलमन यांनीं पूर्वींच्या यंत्रांत केली होती. नव्यांत ती करावयाची तर त्याच्या आज्ञावलीचें मूळ लिखाण हवें. तें ज्याच्यापाशीं होतें अशा कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एका गृहस्थाकडे ते गेले, तेव्हां त्यानें नकार दिला. कारण कोणाला न देण्याचें वचन त्यानें आधींच दिलेलें होतें. १९८३ सालीं स्टॉलमन यांनीं जी मुक्त आज्ञावलींची चळवळ आरंभिली तिच्या मुळाशीं हा प्रसंग सांगितला जातो. मला त्यांत त्या नकार देणाऱ्या माणसाचें कोडें अधिक विचारणीय वाटतें. तो दुष्ट नव्हता. तो वचनाला जागला, आणि वचनाला जागणें हा सद्गुणच आहे. परंतु पुढें कोणकोण अडेल हें ठाऊक नसतांना सगळ्या जगाविरुद्ध मौनाचें वचन देऊन बसणें हें मात्र निर्दोष कृत्य म्हणतां येत नाहीं. दोष वचन पाळण्यांत नसून तें देण्यांत होता.

या मौनाची किंमत किती, हें नूव्होच्या इतिहासांत दिसतें. सुमारें २००५ पासून कांहीं लोकांनीं एन्व्हिडियाच्या कार्डांची भाषा स्वतःच शिकण्याचें मनावर घेतलें. पद्धत अशी कीं बंदिस्त ड्रायव्हरला काम करावयास लावावयाचें, तो कार्डाच्या कोणत्या खणांत कोणता आंकडा टाकतो याची नोंद ठेवावयाची, थोडें चित्र बदलून पुन्हां नोंद घ्यावयाची, आणि दोहोंतील फरकावरून अर्थ ताडावयाचा. परक्या मुलुखांत व्याकरणाशिवाय, केवळ लोकांच्या तोंडाकडे पाहून भाषा शिकणाराची ही तपश्चर्या आहे. २०१० सालच्या २.६.३३ या कर्नेलमध्यें नूव्हो दाखल झाला, आणि आपल्या ९६०० जीटीवाल्या गृहस्थानें ती उरलेली चिठ्ठी पुसली कीं त्याचा पडदा आजहि त्याच्याच पुण्याईनें उजळतो. त्या परिश्रमांचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण हें सारें ज्ञान एका कचेरींत, छापील कागदांवर, आधींच तयार पडलेलें होतें! जें ज्ञात आहे तें अज्ञात ठेवून माणसांकडून पुन्हां शोधवून घेणें यांत मनुष्याच्या आयुष्याचा जो अपव्यय आहे, तो कोणत्याहि जमाखर्चांत दाखविला जात नाहीं. याच्या उलट एएमडी कंपनीनें २००७ सालीं आपल्या कार्डांची माहिती खुल्या ड्रायव्हरांसाठीं देण्याचें धोरण जाहीर केलें. २००२ सालच्या रेडिऑन ९७०० या कार्डाचा खुला ड्रायव्हर मेसामध्यें अजूनहि आहे. आणि माहिती दिल्यामुळें ती कंपनी बुडालेली नाहीं.

तिसऱ्या कृत्यापाशीं आल्यावर माझ्या मनांतला संशय फिटतो. २०१४ च्या अखेरीपासून निघालेल्या जीफोर्स ९०० मालिकेंतील कार्डें, वेग वाढविण्याकमीं करण्याचें काम पाहणारें फर्मवेअर कंपनीची सही असल्याशिवाय स्वीकारीतच नाहींत. सही नूव्होजवळ नाहीं. त्यामुळें कार्ड चालू होतें, चित्र दिसतें, पण यंत्र सुरू होतांना असलेल्या मंद गतीवरच तें अडकून राहतें. पुढील १०६० वगैरे कार्डांचीहि हीच गत आहे. परिणाम मोठा विचित्र झाला: २०१२ सालच्या, सहीची अट नसलेल्या कार्डाचा वेग नूव्होला हातानें कां होईना वाढवितां येतो, आणि त्याच्याहून नवें, महाग कार्ड त्याच्या मागें पडतें. पूर्वीं गुपित सांगत नव्हते. आतां तें कोणी कष्टानें ओळखलें तरी उपयोग होऊं नये अशी तजवीज झाली.

याला उत्तरें आहेत, आणि तीं सगळींच टाकाऊ नाहींत. हलकें कार्ड भारी म्हणून विकणाऱ्या लबाडांना सहीमुळें आळा बसतो, हें खरें आहे. नव्या कार्डांची रचना जुन्यांतून वाढलेली असल्यानें जुनें सांगितलें तर नवेंहि थोडें उघडें पडतें, हेंहि मला मान्य आहे. मात्र या दोन्ही सबबींचा जोर वस्तूच्या वयाबरोबर ओसरतो. सहीचा अधिकार ज्यानें आपल्या एकट्याच्या हातीं ठेविला, त्यानें सेवेचा भारहि आपल्या एकट्याच्या डोक्यावर घेतला असें मानलें पाहिजे. सेवा सोडतांना सही कायम ठेवणें म्हणजे घर विकून किल्ली खिशांत घालून जाणें. मे २०२२ मध्यें एन्व्हिडियानें आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग उघडा केला, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. पण तो २०१८ पासूनच्या कार्डांपुरता. त्यांत गुपिताचा मोठा वांटा कार्डावरच्याच फर्मवेअरमध्यें हलविलेला आहे. ज्यांना उघडेपणाची खरी निकड आहे ते जुन्या कार्डांचे मालक या औदार्याच्या पंक्तीला बसलेच नाहींत.

आपल्या देशांत डिसेंबर २०२२ मध्यें ग्राहक व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं एक संकेतस्थळ सुरू केलें. शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती उपकरणें, वाहनें यांचे सुटे भाग, माहितीपुस्तिका, दुरुस्तीचीं ठिकाणें असा त्याचा विचार आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्या प्रकरणांत मोडलेला असा भागच नाहीं. पंखा फिरतो आहे, तांब्याच्या रेषा शाबूत आहेत. दुरुस्ती हा शब्दच तेथें लागू पडत नाहीं. संपलें आहे तें संभाषण. कायद्याच्या भाषेला अशा हानीचें नांव अजून नीट सांपडलेलें दिसत नाहीं.

आणि सांपडण्याची निकड वाढत आहे. ९०० आणि १००० या मालिकांतील कार्डांसाठीं ५८० क्रमांकाची शाखा ही शेवटची, असें कंपनीनें २०२५ सालीं सांगितलें. ३४० शाखेचे दिवस भरले तेव्हां तिच्या कार्डांना निदान नूव्होचा आसरा होता. या नव्या निवृत्तांना तो आहे, पण गोगलगाईच्या चालीनें. त्यांच्यासाठीं कंपनीनें नव्यानें कांहीं रचावें अशी मागणी कोणी केलेली नाहीं. वेगाचें काम पाहणारें एक फर्मवेअर, त्यावर स्वतःची एक सही, आणि तें खुल्या ड्रायव्हरबरोबर वांटण्याची परवानगी एवढेंच हवें आहे.